सुट्या भागांचा संगणक : बोका रॅटनपासून पार्क लेनपर्यंत

मंडळाच्या खोलीत, टाळ-झांजांच्या पेटीशेजारी, संगणकाचा एक पिवळा पडलेला डबा गेली कित्येक वर्षे ठेवलेला आहे. दरवर्षी मखराचे सामान काढताना तो मध्ये येतो. दरवर्षी कुणीतरी विचारते, "हा भंगारात का देत नाही?" आणि दरवर्षी जुन्यांपैकी कुणीतरी म्हणते, "राहू द्या." या 'राहू द्या'मागचे कारण नव्या कार्यकर्त्यांना ठाऊक नाही. ते सांगावे, आणि त्या निमित्ताने सुटे भाग विकत आणून स्वस्तात संगणक जोडण्याची जी विद्या आमच्या पिढीने शिकली तिचाही इतिहास नोंदवावा, म्हणून हा लेख.

१९९९ सालची अडचण

तोपर्यंत आमची स्मरणिका खिळे जुळवून छापली जाई. ज्या छापखान्यात ते काम होई, तिथे मराठी खिळे जुळवणारे एकच वयस्कर गृहस्थ उरले होते. १९९८ चा अंक काढून ते मुलाकडे राहायला गेले, आणि त्यांच्या जागी बसणारा कुणी मिळाला नाही. १९९९ चा अंक आम्ही नांदेडहून जुळवून घेतला. मजकूर बसने जायचा, मुद्रिते बसने यायची, दुरुस्त्या पुन्हा बसने जायच्या. अंक हातात आला तेव्हा प्रतिष्ठापना होऊन चार दिवस झाले होते, आणि मुखपृष्ठावर मंडळाच्याच नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती.

त्या वर्षी गणपतीतच बैठक झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवले, की पुढच्या वर्षापासून स्मरणिका इंग्रजीत काढावी. खर्च कमी, छपाई इथल्या इथे, आणि मुलांनाही वाचता येईल. सूचना वाईट हेतूने केलेली नव्हती. आमची निम्मी मुले इंग्रजी शाळांत होती. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, असा त्यांचा दिवस जाई. पण ऐकणाऱ्यांच्या मनाला ती लागली. आमच्यापैकी बहुतेकांची घरे नांदेड, परभणी, लातूर, उस्मानाबादकडची. १९५६ पर्यंत तो मुलूख आणि हे शहर एकाच राज्यात होते. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मुलूख तिकडे गेला, आम्ही इथे राहिलो. वर्षातून एकदा आमच्याच लोकांनी आमच्याच भाषेत लिहिलेले काही छापून यायचे ते या अंकात. तेही इंग्रजीत गेले, तर मग मागे राहते काय?

तेव्हा पॉलिटेक्निकात शिकणारी आमच्यातलीच एक मुलगी उठून म्हणाली, "काका, अक्षरजुळणी आता संगणकावर होते. संगणक घेतला तर अंक आपणच जुळवू." खजिनदार काकांनी विचारले, "किंमत?" एका नामांकित कंपनीचे दरपत्रक मागवले. आकडा होता ४६ हजार. शिल्लक होती ३१ हजार. काकांनी वही मिटली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणाले, "असेंबल करू या."

संगणकाचे भाग सुटे कसे झाले

आज हा शब्द कुणालाही कळतो. पण संगणकाचे भाग वेगवेगळ्या दुकानांतून आणावेत, घरी जोडावेत आणि ते एकमेकांना ओळखावेत, हे मुळात शक्य कसे झाले? सुरुवातीच्या संगणकांच्या बाबतीत ते शक्य नव्हते. आपल्या हैदराबादेतच १९६७ साली ईसीआयएल स्थापन झाली आणि १९६९ मध्ये टीडीसी-१२ हा तिचा संगणक कामाला लागला. अशी यंत्रे म्हणजे कपाटाएवढा पसारा. एका कंपनीच्या यंत्राचा भाग दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला चालत नसे. यंत्र बिघडले, की ज्याने बनवले त्याच्याच दारात जायचे. आयबीएम तर १९७८ साली भारतातून निघूनच गेली. परकीय चलन नियमन कायद्याखाली भागभांडवल कमी करणे तिला मान्य नव्हते.

त्याच आयबीएमने पुढे, बहुधा नकळत, हे दार सगळ्या जगाला उघडून दिले. छोट्या संगणकांच्या बाजारात इतर कंपन्या पुढे गेल्या होत्या, आणि आयबीएमला वर्षभरात आपला संगणक बाजारात आणायचा होता. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली एक छोटी तुकडी बसवली गेली. सगळे स्वतः बनवायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बाजारात मिळणारे भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपीचे यंत्रही बाहेरचे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी जाहीर झाला. मूळ किंमत १,५६५ डॉलर, प्रोसेसरचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ.

इतरांनीही या संगणकासाठी जोडकार्डे आणि आज्ञावल्या बनवाव्यात, म्हणून आयबीएमने त्याची तांत्रिक पुस्तिका विक्रीला ठेवली. कोणत्या खाचेत कोणती तार जाते, हे सगळे तिच्यात होते. एकच वस्तू आयबीएमची स्वतःची होती. संगणक सुरू होताना पहिल्यांदा चालणारी बायॉस नावाची छोटी आज्ञावली. ती पुस्तिकेत छापलेली होती, पण तिचा कॉपीराइट आयबीएमकडे होता. नक्कल केली, की खटला.

यावर कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी कायद्याला धरून मार्ग काढला. एका गटाने आयबीएमची बायॉस वाचली आणि ती काय काय करते एवढेच लिहून काढले. ज्यांनी मूळ बायॉस कधी पाहिलीच नव्हती अशा दुसऱ्या गटाने त्या टिपणावरून नवी बायॉस लिहिली. काम तेच, शब्द वेगळे. कॉम्पॅकचा संगणक १९८२ च्या अखेरीस जाहीर झाला. पुढे फिनिक्स या कंपनीने १९८४ साली अशीच बायॉस तयार करून मागेल त्याला विकायला सुरुवात केली. मग कुणालाच अडसर उरला नाही. मायक्रोसॉफ्टही आपली कार्यप्रणाली इतरांना विकायला मोकळी होती. तैवानातल्या कारखान्यांनी मदरबोर्ड, कार्डे, कॅबिनेट, वीजपुरवठ्याचे डबे असे एकेक काम वाटून घेतले. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ च्या, आसुस १९८९ ची. एकाने केलेल्या बोर्डाची भोके दुसऱ्याने केलेल्या डब्याच्या स्क्रूंवर नेमकी बसू लागली, कारण दोघांनीही माप एकाच नमुन्यावरून घेतले होते.

आपल्याकडे

भारतात १९८४ च्या नोव्हेंबरात संगणकाचे नवे धोरण जाहीर झाले आणि आयातीवरचे निर्बंध सैल होऊ लागले. १९९१ नंतर ते आणखी सैल झाले. १९९६ च्या डिसेंबरात सिंगापूरला माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आयात कर उठवण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढच्या वर्षी भारत त्यात सामील झाला आणि २००५ पर्यंत टप्प्याटप्प्याने कर शून्यावर आणायचे ठरले. भाग स्वस्त होत गेले तसे शहराशहरांत त्यांचे बाजार उभे राहिले. मुंबईत रेडिओच्या सुट्या भागांसाठी आधीपासून प्रसिद्ध असलेला लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर, दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट, बंगळूरला एस. पी. रोड, आणि आपल्याकडे सिकंदराबादेतले पार्क लेनचे चिनॉय ट्रेड सेंटर. देशात विकल्या जाणाऱ्या संगणकांत तेव्हा अशा असेंबल्ड संगणकांचा वाटा फार मोठा होता. दुकानदाराचा हिशेब, दवाखान्यातली पावती, अमीरपेठेतल्या शिकवणीवर्गांत रांगेने बसलेली मुले, सगळे याच संगणकांवर.

सुटे भाग जोडण्याला काही लोक नाक मुरडत. त्यांना आम्ही पुण्याच्या सी-डॅकचे उदाहरण देत असू. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ साली तयार झालेला परम ८००० हा महासंगणक म्हणजे बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर शेकड्याच्या घरात नव्हे, पण डझनांनी एकत्र जोडून उभा केलेला. बुद्धी जोडण्यात होती. आमचा डबा म्हणजे काही परम नव्हे, पण वंश तोच, असे आम्ही म्हणत असू.

वहीतला हिशेब

खजिनदार काका तयार झाले, पण एका अटीवर. त्यांच्या वहीत प्रत्येक भागाची वेगळी नोंद व्हायची आणि प्रत्येकाची पक्की पावती यायची. पार्क लेनला तेव्हा 'बिलासकट' आणि 'बिलाविना' असे दोन भाव असत. काकांनी बिलासकटचाच भाव धरला. ती वही आजही आहे. १८ सप्टेंबरला, म्हणजे गणपती बसून पाच दिवस झाले तेव्हा, घेतलेले भाव असे :

१४ इंची रंगीत मॉनिटर ६,३००. एएमडी के६-२ प्रोसेसर ३,०००. मदरबोर्ड (पडद्याचे सर्किट त्यातच असलेला) ३,४००. ४.३ जीबी हार्ड डिस्क ५,६००. ३२ एमबी रॅम १,९००. सीडी ड्राइव्ह २,१००. वीजपुरवठ्यासह कॅबिनेट १,३००. फ्लॉपी ड्राइव्ह ७००. की-बोर्ड व माऊस ७००. एकूण २५,०००. त्यावर मराठी अक्षरजुळणीची आज्ञावली ४,००० आणि यूपीएस २,०००. बेरीज ३१,०००. एक पैसाही इकडे नाही, तिकडे नाही. विसर्जन आटोपले, की खरेदी करायची, असे ठरले.

२१ सप्टेंबरच्या पहाटे तैवानात मोठा भूकंप झाला. दोन हजारांहून अधिक माणसे गेली. गणपतीचे दिवस आणि भूकंप म्हटल्यावर आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना किल्लारी आठवली. १९९३ साली विसर्जनाची रात्र उलटून ३० सप्टेंबरच्या पहाटे ती जमीन हलली होती, आणि आमच्यातल्या काहींची माणसे तिच्याखाली गेली होती. त्या संध्याकाळच्या आरतीनंतर सगळे थोडा वेळ तसेच उभे राहिले.

त्या भूकंपाचा आमच्या संगणकाशी काही संबंध असेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही आले नाही. विसर्जनानंतर पार्क लेनला गेलो, तेव्हा कळले. तैवानातल्या शिंचू येथील चिपचे कारखाने वीज गेल्यामुळे बंद पडले होते आणि जगभर रॅमचे भाव चढले होते. १,९०० ची रॅम ३,६०० ला झाली होती. दुकानदार म्हणाला, "आज का भाव आजइच है जी, कल का नक्को पूछो."

आमची चौघांची समिती समोरच्या इराणी हॉटेलात जाऊन बसली. १,७०० रुपये कुठून आणायचे? पुन्हा वर्गणी मागायची नाही, हे काकांनी आधीच बजावले होते. रॅम निम्मी केली, तर मराठीची आज्ञावली रडतखडत चालली असती. चहाचा दुसरा कप आला तेव्हा पॉलिटेक्निकवाली म्हणाली, "सीडी ड्राइव्ह काढून टाकू. विंडोज घालायला एका रात्रीपुरता माझ्या मैत्रिणीचा आणू. मराठीची आज्ञावली तर फ्लॉपींवरच येते." सीडीचे २,१०० वजा, रॅमचे १,७०० अधिक. ४०० रुपये शिल्लक. कंपनीच्या बंद डब्यात अशी काटछाट करता येत नाही. सुट्या भागांचा खरा फायदा नुसता स्वस्ताईत नाही. कशावाचून भागेल, हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे राहतो.

जोडणीची रात्र

जोडणी एका सभासदाच्या दिवाणखान्यात, सतरंजीवर झाली. कोणत्याही भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते, हा पहिला नियम. मग बोर्डावरचे जंपर. १०० मेगाहर्ट्झची बस आणि ३.५ चा गुणक, म्हणजे ३५०. प्रोसेसरला व्होल्टेज २.२. जुन्या पेंटियम एमएमएक्सचे २.८ तसेच राहिले, तर तीन हजारांचा प्रोसेसर भाजायचा. ते जंपर तिघांनी तीनदा तपासले. पुढे वीजपुरवठ्याचे दोन जोड. तेव्हाच्या एटी पद्धतीत ते दोन तुकड्यांत येत आणि उलटेही बसत. उलटे बसले, की बोर्ड गेला. त्यासाठी पाठ करून ठेवलेला मंत्र एकच : काळ्याशेजारी काळी. दोन्ही जोडांच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. हार्ड डिस्कच्या पट्टीवरची लाल कड एक नंबरच्या पिनेकडे. प्रोसेसरवर पंखा.

रात्री साडेअकराला बटण दाबले. पंखा फिरला. पडदा काळाच, आणि डब्यातून लांब लांब बीप येऊ लागले. खजिनदार काका तोपर्यंत एक अक्षर बोलले नव्हते. आता त्यांनी चष्मा काढून पुसला. कुणालाही त्यांच्याकडे बघवेना. भूकंपानंतरच्या भावाने घेतलेली ती रॅमच मेली की काय, असे प्रत्येकाच्या मनात आले. पॉलिटेक्निकवालीने वीज काढली, रॅम बाहेर घेतली, तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलकेच पुसल्या आणि दोन्ही बाजूंच्या खुंट्या टक् वाजेपर्यंत दाबून ती पुन्हा बसवली. बटण दाबले. एकच छोटा बीप. पडद्यावर पांढरी अक्षरे आणि मेमरीची मोजणी. काका म्हणाले, "चला, मोजतोय म्हणजे आपल्यातलाच आहे."

दसऱ्याला त्या डब्याला कुंकू लावले, वर झेंडू आणि इथल्या रीतीप्रमाणे जम्मीची पाने वाहिली. उरलेल्या ४०० रुपयांतून पेढे आले.

पुढे काय झाले

२००० सालचा अंक मराठीतच निघाला. जुळणी घरी, लेझर प्रिंट ट्रेसिंग कागदावर बाहेरून, आणि छपाई ऑफसेटवर. तो प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी हातात होता. शुद्धलेखनाच्या चुका नव्हत्या असे नाही, पण त्या आमच्या होत्या आणि सापडल्या की तिथल्या तिथे सुधारता येत होत्या. त्या संगणकावर आम्ही दहा अंक काढले. मध्ये रॅम वाढवली, मोठी हार्ड डिस्क घातली, मॉनिटर बदलला. डबा तोच. ज्यांनी तो जोडला त्यांतले दोघे आज अमेरिकेत आहेत. आमची पॉलिटेक्निकवाली इथेच आहे आणि यंदाच्या अंकाची मुद्रितेही तिनेच तपासली.

२०१० मध्ये नवा संगणक आला आणि एक गोष्ट ध्यानात आली. आमचे जुने अंक त्याच्यावर वाचता येत नव्हते. त्या काळातल्या मराठी आज्ञावल्या देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवत, आणि प्रत्येक कंपनीची बैठक वेगळी. तो फाँट नसला, की 'श्रीगणेशाय नमः' ऐवजी पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ. देवनागरीला प्रत्येक अक्षराचा कायमचा क्रमांक देणारे युनिकोड १९९१ पासून होते, पण घरच्या संगणकांत ते रुळायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले. शिवाय आमच्या आज्ञावलीचे कुलूप प्रिंटरच्या जुन्या पोर्टाला लागत असे, आणि नव्या संगणकाला तो पोर्टच नव्हता. म्हणजे दहा वर्षांची आमची मराठी त्या एकाच डब्यात अडकली होती. 'राहू द्या' म्हणायचे कारण हे.

पुढे डबाही सुरू होईना. यंदा मात्र तो उघडायचाच, असे ठरवले. वीजपुरवठा मेला होता आणि बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली होती. बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाली. एटी पद्धतीचा वीजपुरवठा आता सहसा मिळत नाही, पण जुन्या यंत्रांचे भाग राखून ठेवणाऱ्या एका कारागिराकडे तो निघाला. काळ्याशेजारी काळी धरून जोडला. बटण दाबले. एक छोटा बीप आला. कंपनीच्या बंद डब्याचे असे काही करता आले असते का, कुणास ठाऊक. ज्याचे भाग सुटे घेतले होते, त्याचे भाग सुटे बदलता आले, एवढे खरे.

आठ अंक आता युनिकोडमध्ये आणले आहेत. २००३ आणि २००६ हे दोन अंक असलेला डिस्कचा भाग खराब झाला आहे. ते वाचत नाहीत. २००३ च्या अंकात आपल्या ज्येष्ठांनी नांदेड-परभणीकडून इथे आपापली घराणी कशी आली ते लिहिले होते. त्यातले बहुतेक लेखक आज नाहीत. २००६ च्या अंकात त्या वर्षी गेलेल्या सात सभासदांवरचे लेख होते. मंडळाकडे या दोन्ही अंकांची छापील प्रतही उरलेली नाही.

म्हणून ही विनंती. आपल्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या खणात, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ते अंक असतील, तर संध्याकाळच्या आरतीला येताना घेऊन या. प्रत तुमचीच राहील. आम्ही पाने तिथेच स्कॅन करून परत देऊ. पान फाटले असले तरी चालेल, आणि अर्धाच अंक सापडला तर अर्धाच आणा. बाकीचा अर्धा दुसऱ्या कुणाकडे असेल. जोडून घेऊ.